मुक्काम खाडीच्या अलीकडे की पलीकडे? किनाऱ्याने पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत दर हिवाळ्यात कोणी ना कोणी नवी गाडी घेतं, हार घालतं, लिंबू चिरडतं आणि आठवड्याभरात लिफ्टमध्ये गाठून विचारतं, "किनाऱ्या-किनाऱ्याने गणपतीपुळ्याला जायचंय, रात्री कुठे थांबू?" मी उलट विचारतो, "खाड्या किती ओलांडणार?" बहुतेकांनी किलोमीटर मोजलेले असतात, टोल मोजलेले असतात. खाड्या कोणी मोजलेल्या नसतात.

महामार्गाने जाणाऱ्याला ही भानगड नाही. पळस्पे फाट्याला मुंबई-गोवा रस्ता धरला की माणगाव, महाड, चिपळूण, जिथे डोळे मिटायला लागतील तिथे थांबता येतं. किनाऱ्याचा रस्ता रेवसपासून रेडीपर्यंत जातो खरा, पण सह्याद्रीतून उतरलेली प्रत्येक नदी त्याला आडवी येते आणि काही ठिकाणी तो सरळ धक्क्यावर जाऊन संपतो. पुढे पाणी, पाण्यावर फेरीबोट. बोट चालू असेल तर पलीकडचं गाव पंधरा-वीस मिनिटांवर. बंद असेल तर तेच गाव घाट चढून-उतरून दोन-तीन तासांवर.

हे मी शिकलो ते बागमांडल्याच्या धक्क्यावर. ठाण्याहून निवांत आठला निघालो, काशीदला पोरं पाण्यातून बाहेर येईनात, मुरुडला जेवण लांबलं, आणि बागमांडल्याला पोचलो तेव्हा शेवटची बोट पलीकडे जाऊन बांधलेली. खोली घेतलेली केळशीत. समोर वेशवीचे दिवे दिसत होते, मागच्या सीटवर पोरं आडवी झालेली, आणि केळशीच्या आजींचा फोन, "पानं घेऊ का वाढायला? कुठवर आलात?" त्या शनिवारच्या रात्री हरिहरेश्वरात दारोदार फिरून जी खोली मिळाली तिचं वर्णन इथे नको. केळशीचे पैसे आजींनी घेतले नाहीत, पण आवाजात नाराजी होती, आणि ती रास्त होती. नऊ जणांचा स्वयंपाक झाला होता.

तेव्हापासून मुक्काम ठरवताना मी हे असं करतो.

आधी कागदावर खाड्या काढा

फोनवरच्या नकाशाआधी एक कोरा कागद घ्या. ठाण्यापासून गणपतीपुळ्यापर्यंत किनारा धरून उतरलात तर गाडी चार वेळा बोटीत चढते. मुरुडच्या पुढे आगरदांड्याहून दिघीला, म्हणजे राजपुरीची खाडी. मग हरिहरेश्वराजवळ बागमांडल्याहून वेशवीला, ही बाणकोटची खाडी, सावित्रीचं मुख. दापोलीच्या खाली दाभोळहून धोपाव्याला, ही वाशिष्ठी. आणि गुहागर-हेदवीच्या पुढे तवसाळहून जयगडला. रेवदंड्याला मात्र साळावचा पूल आहे आणि आंजर्ले-हर्णैच्या मधल्या खाडीवरही पूल आहे, तिथे अडत नाही.

आता प्रत्येक खाडीपुढे दोन गोष्टी लिहा: शेवटची बोट किती वाजता, आणि बोट चुकली तर वळसा किती. वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी धक्क्यावर फोन करून विचारायच्या. तुमचा घरमालक तो नंबर देतो. वळसा मात्र कायमचा आहे. दाभोळला बोट चुकली तर दापोली, खेड, चिपळूण करून गुहागर गाठायला शंभराहून जास्त किलोमीटर पडतात. तवसाळला चुकली तर राई-भातगावच्या पुलावरून जाता येतं, ते त्या मानाने सुसह्य. फोनवरचा नकाशा कधीकधी पाण्यावरून निळी रेघ ओढून मोकळा होतो. त्या रेघेला बोट झोपायला गेल्याचं ठाऊक नसतं.

आगरदांड्याची खाडी पहिल्या फेरीत टाळली तरी चालते. अलिबाग-मुरुड आधी पाहून झालं असेल तर वडखळला अलिबागचा फाटा सोडून सरळ नागोठणे, कोलाड, माणगाव करा आणि माणगावहून म्हसळामार्गे दिवेआगर-श्रीवर्धनला उतरा. एक बोट कमी झाली की पहिल्या दिवसाचा निम्मा ताण जातो.

मग उजेड मोजा

अंतर विचारू नका, उजेड किती आहे ते विचारा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो आणि साडेसहाला अंधार होतो. मे महिन्यात तासभर जास्त मिळतो. किनाऱ्याच्या रस्त्यांवर दिवे नाहीत, गावात शिरल्यावर दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, समोरून एसटी आली तर कोणीतरी मागे जायचं, आणि ते कोणीतरी तुम्हीच असता. वळणांवर गुरं बसलेली असतात. तासाला तीस-पस्तीस किलोमीटर धरा, फोटो आणि चहा त्यातच. नकाशा पन्नास धरतो. तो चहा पीत नाही.

माझा नियम असा की गाडी पाचला अंगणात लागली पाहिजे. तिथून उलट मोजत या. ठाण्याहून दिवेआगर साधारण एकशेसत्तर किलोमीटर, थांबे धरून साडेपाच-सहा तास. म्हणजे पहाटे साडेपाचला निघालं तर जेवायला पोचता, सकाळी नऊला निघालं तर पेण आणि माणगावची बाजारपेठ मिळून तुमचा दिवस खातात. लागून सुट्ट्या आल्या असतील तर माणगावला किती वेळ जाईल ते सांगणारा अजून जन्मायचा आहे. ठाणेकरांनी मुंब्रा बायपासच्या ट्रकांत न शिरता ऐरोलीहून ठाणे-बेलापूर रस्ता धरून उरण फाट्याने पनवेल गाठावं. पहाटे तो मोकळा असतो. नेरूळ-बेलापूरवाल्यांना हा अर्धा-पाऊण तास फुकट मिळतो, त्यांनी तो झोपण्यात घालवू नये.

अलीकडे झोपायचं की पलीकडे

आता खरा निर्णय. खाडी संध्याकाळी ओलांडून पलीकडे झोपायचं, की अलीकडे झोपून सकाळी ओलांडायची?

अनुभवी लोक पलीकडे म्हणतात. पाण्याचं काम उरकलेलं असतं, दुसरा दिवस मोकळा. नवख्यांना मी अलीकडेच सांगतो. संध्याकाळी बोटीला रांग असते आणि एका फेरीत मोजक्याच गाड्या मावतात; तुमच्या पुढे दोन टेम्पो ट्रॅव्हलर लागले की तुम्ही पुढच्या बोटीला. सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या बोटीला मासळीचा टेम्पो, चार दुचाकी आणि तुम्ही. शिवाय बोट बिघडली, वारा सुटला, पाणी चढलं तर सकाळी दुसरा काही विचार करायला अख्खा दिवस हातात असतो.

म्हणून पहिल्या रात्री बाणकोटच्या खाडीच्या अलीकडे: दिवेआगर, श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर. हरिहरेश्वराहून बागमांडला अगदी जवळ, सकाळी चहा घेऊन धक्क्यावर. दुसऱ्या रात्री दाभोळच्या अलीकडे: केळशी, आंजर्ले, हर्णै-मुरुड (हे दापोलीचं मुरुड, जंजिऱ्याचं नव्हे), कर्दे, लाडघर या पट्ट्यात कुठेही. तिसऱ्या रात्री गुहागर किंवा सरळ जयगड ओलांडून मालगुंड. मग परतताना रत्नागिरीहून हातखंब्याला महामार्ग धरायचा, किनाऱ्याने परत यायचा हट्ट करायचा नाही. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो जुना घाटही वाचतो.

एक अपवाद. दुसऱ्या दिवशी काही कारणाने दाभोळला दुपारी तीन-चारलाच पोचलात आणि धक्क्यावर रांग नसेल तर ओलांडून टाका. गुहागर तिथून फार लांब नाही आणि संध्याकाळचा गुहागरचा लांबलचक किनारा हाती लागतो.

फक्त शनिवार-रविवार असेल तर हे सगळं विसरा. एकच गाव, एकही बोट नाही. दोन दिवसांत चार खाड्या करणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या फोटोंत सगळीकडे धक्काच असतो.

गाव कोणतं

गावं सारखी दिसतात, राहायला सारखी नाहीत.

दिवेआगर नवख्यांसाठी सगळ्यात सोपं. सपाट गाव, नारळी-पोफळीच्या वाड्या, घरोघरी खोल्या, सुवर्ण गणेश आणि रूपनारायणाचं देऊळ पायी अंतरावर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या झाल्या. माड पुन्हा लावले आहेत, पण माड काही पाच-सहा वर्षांत घरावर सावली धरत नाही. खोलीच्या जाहिरातीत गच्च हिरवी सावली दिसली तर फोटो कधीचा ते विचारा. दिवेआगरहून आरावी-शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला चिकटून जातो. तो उजेडी करा, म्हणजे मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

श्रीवर्धन हे तालुक्याचं गाव. बरोबर वयस्क आईवडील असतील, औषधं लागणारी असतील, तर मी दिवेआगर सोडून श्रीवर्धन घेतो. दवाखाना, औषधाचं दुकान, पेट्रोल पंप, एटीएम सगळं हाताशी. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं हे गाव. हाच हिशेब पुढे दापोली आणि गुहागरला लावा. किनाऱ्यावरची लहान गावं दिसायला सुंदर, पण रात्री दोनला पोराला ताप भरला की तालुक्याचं गाव किती लांब हाच प्रश्न उरतो.

हरिहरेश्वराला एमटीडीसीचा निवास आहे, तसे ते वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्लीलाही आहेत. जागा मोक्याच्या, पण सुट्टीच्या दिवसांचं आरक्षण फार आधी करावं लागतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्राच्या बाजूने खडकांवरून आहे आणि ती ओहोटीलाच करायची. तिथे लाटेने ओढून नेलेली माणसं कमी नाहीत.

भरती-ओहोटी कळण्यासाठी आमच्या आजोबांच्या वेळचा हिशेब अजून चालतो: त्या दिवसाच्या तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. दिवसा एकदा, रात्री एकदा, आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी आत गेलेलं असतं, किनारा मैदानासारखा रुंद मिळतो. अष्टमीच्या आसपास त्याच वेळेला पाणी भरलेलं असतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून प्रदक्षिणेसारख्या ठिकाणी गणित बाजूला ठेवून गावकऱ्यांनाच विचारा.

बाणकोटच्या पलीकडे गेलात की वेळास लगेच लागतं. फेब्रुवारी ते एप्रिल ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा अख्खं गाव पाहुणे ठेवतं. सकाळी लवकर पिल्लं बघायची असल्याने तिथे राहिल्याशिवाय उपयोग नाही. राहणं साधं, पंक्तीत जेवण, चकचकीत न्हाणीघराची अपेक्षा ठेवू नका. केळशी-आंजर्ले शांत. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि खाली खाडीचं मुख हे पहाटे बघायचं. हर्णैला मासळीचा लिलाव आणि समोर सुवर्णदुर्ग. पण धक्क्याजवळ खोली घेतलीत तर वासाची तक्रार करायची नाही.

गणपतीपुळ्याला अंगारकीला, नाताळात आणि मे महिन्यात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा मी शेजारच्या मालगुंडला उतरतो. केशवसुतांचं जन्मगाव, स्मारक बघण्यासारखं, रात्री लाटांचा आवाज ऐकू येतो. पुळ्याचा समुद्र फसवा आहे, पाट्या लावलेल्या आहेत, त्या वाचा. काशीदलाही तेच.

फोनवर काय विचारायचं

फोटो बघून पैसे पाठवू नका. फोन करा, दोन मिनिटं बोला. घरच्या माणसाशी बोलण्यावरून निम्मं कळतं.

पहिला प्रश्न गाडीचा. "काकू, गाडी अंगणात येते का?" "येते की, आमच्याकडे टेम्पो येतो." या उत्तरावर मी एकदा विसंबलो. टेम्पो येत होता हे खरं, पण चालवणारा त्यांचा पुतण्या होता, जन्मापासून त्या बोळात वाढलेला. माझ्या एर्टिगाच्या डाव्या दरवाजावर त्या गडग्याची खूण अजून आहे. तेव्हा नेमकं विचारा: बोळात गाडी वळते की रिव्हर्स यावं लागतं, आणि घरापर्यंत रस्ता आहे की शेवटी पाखाडी उतरायची? पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्या. बॅगा आणि गुडघेदुखी असलेली सासू एकत्र असताना हा शब्द आधी कळलेला बरा.

दुसरं, "बीचपासून दोन मिनिटं" म्हणजे कोणाची. पायी की गाडीने, आणि मधे वाळू किती. "सी व्ह्यू" म्हणजे बहुतेक वेळा गच्चीवर जाऊन सुरूच्या बनातून दिसणारी निळी चिरी. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाडीतलं घर समुद्रालगतच्या खोलीपेक्षा थंड असतं, आणि खारी दमट हवा गादीला लागत नाही. पण पैसे समुद्राचे द्यायचे आणि झोपायचं वाडीत, हे नको.

तिसरं जेवण. इथे हॉटेलासारखं येऊन मेनू मागता येत नाही. किती पानं ते दुपारच्या आत कळवायचं, साडेआठ-नऊला जेवायला बसायचं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा आणि एका माणसाला किती ते खरं सांगा. वाड्यांतल्या पुष्कळ घरांत जेवण शाकाहारीच असतं, बाहेरून मासे आणलेलेही चालत नाहीत. मासे खायचे तर तसं घर किंवा खानावळ आधीच विचारून घ्या. सुरमई थाळीचा भाव ठरलेला नसतो, बाजाराप्रमाणे बदलतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीच्या नावाने जे मिळेल ते जरा विचार करून खा.

चौथं, लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का. एसी नव्हे, पंखा. गरम पाणी बंबाचं की गिझरचं. बंबाचं असेल तर सकाळी किती वाजता पेटवतात, कारण तुम्हाला पहिली बोट गाठायची आहे.

पैशांचं आधीच स्पष्ट करा: माणशी की खोलीचे, नाश्ता धरून की सोडून, पोरांचे किती, गादी जादा लागली तर काय. रोख जवळ ठेवा. यूपीआय चालतं, रेंज चालत नाही.

आणि तारीख. गणेशोत्सवात किनाऱ्यावरच्या घरांत त्यांचा स्वतःचा गणपती असतो, मुंबई-ठाण्याची सगळी भावंडं घरी आलेली असतात; तेव्हा पुष्कळ जण पाहुणे घेत नाहीत. शिमग्यालाही तसंच. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही मागताय ती खोली त्या दिवसांत त्यांच्या धाकट्या दिराची असते.

पोचल्यावर

टाकी श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा मोठ्या गावात भरून मगच लहान गावात शिरा. गाडी तोंड बाहेर करून लावा, पहाटे अंधारात दुसऱ्याच्या बोळात रिव्हर्स घेणं हा वाईट प्रकार आहे. नारळाच्या झाडाखाली लावू नका, हे सांगावं लागू नये, पण काच फुटलेल्या दोन गाड्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

गाडी वाळूवर नेऊ नका. बंदी आहे, आणि ओली वाळू घट्ट दिसते पण चाक बसलं की ते निघायच्या आत भरती येते. मग ट्रॅक्टरवाला सांगेल तो भाव.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, हा सगळा बेत करू नका. वाऱ्यापावसाप्रमाणे बोटी बंद राहतात आणि जंजिऱ्यासारखे जलदुर्गही तेव्हा बंद. त्या दिवसांत एकाच गावात दोन रात्री राहून पडवीत झोपाळ्यावर बसायचं असेल तर मात्र हिवाळ्याहून मजा.

रात्री जेवण झालं की काकांना विचारा, उद्या पहिली बोट किती वाजता. त्यांचं उत्तर आणि तुमच्या कागदावरची वेळ जुळली नाही तर काकांचं खरं धरा. त्यांचा पुतण्या नाहीतर मेहुणा धक्क्यावर कामाला असतो. धक्क्यावर अर्धा तास आधी जा, तिकीट आधी काढा, ओहोटी असेल तर उतार उभा असतो, तेव्हा बंपर घासणार नाही अशी तिरकी, अगदी सावकाश घ्या. बोटीत चढल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, आणि पोरांना खाली उतरवून कठड्याशी उभं करा. समोरचा किनारा येईपर्यंत वेळ असतो, थर्मासमध्ये चहा आणला असेल तर तेवढ्यात होतो.